प्रक्षेप कीं अवशेष ? — दूरचित्रवाणीवरील विजातीय कार्यक्रमांचा विचार

१. कांहीं वर्षांपूर्वीं वैशाखांत आम्ही वेल्हे तालुक्यांतील विंझर येथें एका शेतकरी कुटुंबाच्या घरीं असलेला पोथ्यांचा रुमाल पाहण्यासाठीं गेलों होतों. विंझर हें गांव सिंहगडाच्या दक्षिणेस असून सिंहगडाहून राजगडाकडे डोंगरधारेनें निघालेले वाटसरू या गांवावरूनच पुढें जातात. रुमालांत श्रीधरकृत 'शिवलीलामृता'ची एक अपुरी पोथी होती, आणि तिच्या पानांमध्यें भाताच्या हिशेबाचें एक मोडी पान शिरलें होतें. घरांतील वृद्ध गृहस्थ म्हणाले कीं, तें पान कोणीं तरी चुकून घातलें असावें. काढून टाकावयाचें तेवढें राहून गेलें. आम्हांसही तसेंच वाटलें व आम्हीं तें पान बाजूस ठेविलें.

त्या वेळीं सोप्यांत दूरचित्रवाणीचा संच चालू होता. त्यावर इतिहासाच्या नांवानें चालणारी एक परदेशी वाहिनी लाविलेली होती, आणि अतिशीत प्रदेशांतील गोठलेल्या सरोवरांवरून अवजड मालमोटारी हांकणाऱ्या चालकांची हकीकत तीवर दाखवीत होते. घरांतील शाळकरी मुलानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, ही इतिहासाची वाहिनी ना? मग हिच्यात इतिहास कुठं आहे?" आजोबांनीं त्यास गप्प बसविलें, परंतु प्रश्न गप्प बसण्यासारखा नव्हता. रुमालांतील पानाविषयीं आम्हीं जो निर्णय क्षणार्धांत दिला, तोच निर्णय हा मुलगा समोरच्या कार्यक्रमाविषयीं देत होता: हें येथलें नव्हे. दोन्ही निर्णय पुन्हा तपासले पाहिजेत, असें आम्हांस परत येतांना वाटूं लागलें. प्रस्तुत लेख हें त्या तपासाचें फल होय.

२. आरंभीं शब्दांचा निश्चय करूं. जो कार्यक्रम ज्या वाहिनीवर दिसतो, तिच्या नांवाशीं, तिच्या घोषित उद्देशाशीं किंवा तिच्यावरील इतर कार्यक्रमांशीं जुळत नाहीं, त्यास आम्ही 'विजातीय' म्हणतों. विजातीय म्हणजे वाईट नव्हे. केवळ शेजाऱ्यांहून निराळ्या जातीचा, एवढाच अर्थ येथें अभिप्रेत आहे.

संस्कृतज्ञ वाचकांस एक गोष्ट सहज आठवेल. ग्रंथांत मागाहून घुसडलेल्या मजकुरास आपण 'प्रक्षेप' म्हणतों, आणि ध्वनि व चित्र आकाशमार्गें दूरवर सोडण्याच्या क्रियेस आतां 'प्रक्षेपण' म्हणतात. दोहोंचा धातु 'क्षिप्' हाच, आणि उपसर्गही एकच. हा केवळ योगायोग आहे. तथापि पाठचिकित्सेंत ज्या सावधगिरीची संवय आपणांस लागली आहे, ती येथेंही उपयोगी पडते, हें या लेखाचें प्रतिपाद्य आहे.

ती सावधगिरी अशी कीं, जें जें खटकतें तें तें प्रक्षिप्त नसतें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें जें काम १९१९ सालीं आरंभिलें व १९६६ सालीं पुरें केलें, त्याचे १९२५ पासूनचे प्रमुख संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं दोन पाठांपैकीं जो अधिक दुर्घट तो बहुधा अधिक जुना, हें तत्त्व वापरलें. लेखक नकलतांना अवघडाचें सोपें करतो, सोप्याचें अवघड सहसा करीत नाहीं. म्हणून खटकणारा पाठ कित्येकदां मूळचा ठरतो, आणि त्याच्या भोंवतालचा गुळगुळीत मजकूर मागाहूनचा ठरतो.

हाच विचार वाहिन्यांस लावला तर विजातीय कार्यक्रमांचे तीन प्रकार पडतात. जो नंतर येऊन बसला तो प्रक्षेप. जो प्रथमपासून तेथें होता, पण भोंवतालचें सर्व पालटल्यामुळें परका दिसूं लागला, तो अवशेष. आणि ज्यास स्वतःचें घर मिळालें नाहीं म्हणून जो दुसऱ्याच्या घरीं त्याच्या रीतीनें राहिला, तो आश्रित. तिन्ही प्रकार पाहणारास सारखेच खटकतात. इतिहासकारास मात्र त्यांचे अर्थ अगदीं निरनिराळे आहेत.

३. प्रथम प्रक्षेपाचें उदाहरण घेऊं, कारण विंझरच्या मुलाचा प्रश्न त्यासंबंधींच होता. 'हिस्टरी' ही वाहिनी अमेरिकेंत १ जानेवारी १९९५ रोजीं सुरू झाली. आरंभीं तिच्यावर माहितीपट असत, आणि त्यांत दुसऱ्या महायुद्धाचा भरणा इतका असे कीं, लोक तिला थट्टेनें हिटलरची वाहिनी म्हणत. पुढें २००७ सालीं बर्फावरील मालमोटारचालकांची मालिका आली. २००९ सालीं लास व्हेगास शहरांतील एका सावकारी दुकानाची 'पॉन स्टार्स' ही मालिका आली. २०११ सालच्या ऑक्टोबरांत ही वाहिनी भारतांतील एका संस्थेच्या भागीदारीनें येथें नव्यानें दाखल झाली, ती हें सर्व बरोबर घेऊनच.

यांत कारण शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. वाहिनीचें उत्पन्न जाहिरातींवर, आणि जाहिरातींचा दर प्रेक्षकांच्या संख्येवर. एका लढाईवर माहितीपट करावयाचा तर दप्तरें धुंडाळावीं लागतात, जाणकारांस भेटावें लागतें, स्थळें पाहावीं लागतात. आणि इतके कष्ट करून हातीं लागतो तो तासाभराचा एक कार्यक्रम. उलट, दुकान एकदां निवडलें कीं गिऱ्हाइकें आपण होऊन जुन्या तरवारी, नाणीं आणि पत्रें घेऊन येतात, आणि एका जागीं बसून शेंकडों भाग तयार होतात. प्रत्येक वस्तूबरोबर तिच्या काळाची दोन वाक्यें सांगितलीं जातात, तेवढाच इतिहासाचा धागा शिल्लक राहतो. जुन्या वस्तूंचे व्यापारी ज्यांनीं पाहिले आहेत, त्या आमच्या वाचकांस या कार्यक्रमांत करमणूक वाटेल यांत नवल नाहीं. परंतु वस्तूची किंमत ठरविणें निराळें आणि तिचा पुरावा म्हणून विचार करणें निराळें, हेंही त्यांस ठाऊक आहे.

हा प्रक्षेप कधीं कधीं इतका वाढतो कीं मूळ ग्रंथ उरतच नाहीं. अमेरिकेंतील 'द लर्निंग चॅनेल' या वाहिनीचा पाया १९७२ सालीं तेथील अवकाशसंस्था 'नासा' व आरोग्य-शिक्षणखातें यांनीं लोकशिक्षणाकरितां घातला. १९८० सालीं ती खाजगी मालकीची झाली. पुढें कौटुंबिक जीवन उघड करून दाखविणाऱ्या मालिकांनीं तिचा बहुतेक वेळ व्यापला आणि नांवाचीं 'टीएलसी' हीं आद्याक्षरें तेवढीं राहिलीं. वेष्टनावरील नांव एक आणि आंतील ग्रंथ दुसराच, असे रुमाल आपण पाहिले आहेत. त्यांतलाच हा प्रकार.

४. मालमोटारींच्या कार्यक्रमानें इतिहासाचें कांहीं बिघडत नाहीं. तो इतिहास असल्याचा आव आणीत नाहीं. खरा धोका निराळ्या ठिकाणीं आहे. त्याच वाहिनीवर २०१० पासून 'एन्शंट एलियन्स' ही मालिका आली. प्राचीन काळच्या थोर वास्तु परग्रहावरील प्राण्यांच्या साहाय्यानें झाल्या असाव्यात, असें सुचविणें हा तिचा विषय, आणि वेरूळचें कैलास लेणेंही तिच्या तावडींतून सुटलें नाहीं. हाच कार्यक्रम करमणुकीच्या वाहिनीवर असता तर तो अद्भुतकथा म्हणून पाहिला गेला असता. इतिहासाच्या वेष्टनांत आल्यामुळें त्यास प्रामाण्य चढलें.

वस्तुतः कैलासाविषयीं आपल्यापाशीं लेखी पुरावा आहे. वडोदरें येथें सांपडलेल्या राष्ट्रकूट कर्कराजाच्या शके ७३४ च्या ताम्रपटांत, कृष्णराजानें एलापुर येथें देवालय करविल्याचा उल्लेख आहे. हा कृष्ण म्हणजे आठव्या शतकांतील पहिला कृष्ण. त्या ताम्रपटाचा कवि वर्णन करतो कीं, विमानांतून जाणाऱ्या देवांनाही तें मंदिर पाहून विस्मय वाटला, आणि ज्यानें तें घडविलें त्या शिल्पकारासही हें आपल्या हातून कसें झालें याचें आश्चर्य वाटलें. विमानें येथेंही आहेत, हें खरें. पण त्यांतले देव केवळ प्रेक्षक आहेत. काम मनुष्यानें केलें, हें त्या दरबारी कवीसही मान्य होतें. काम झाल्यावर साठांहून अधिक वर्षें लोटूं न देतां कोरलेला हा लेख एका पारड्यांत, आणि वाहिनीचें नांव दुसऱ्या पारड्यांत, असें असतां दुसरें पारडें जड व्हावें, हीच विजातीय कार्यक्रमाची हानि. म्हणून नांवावरून प्रामाण्य ठरवूं नये, हा पहिला धडा.

५. आतां दुसरा प्रकार. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि पुढील वर्षीं सिंहगडावरील मनोऱ्यावरून त्याचे कार्यक्रम पुण्याच्या परिसरांत दिसूं लागले. या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात, डोंगरास वळसा घालीत नाहींत. म्हणून मनोऱ्यास उंच जागा लागते. ज्या गडाची निवड पूर्वीं मुलूख नजरेखालीं राहावा म्हणून झाली, त्याचीच निवड या कामासाठीं त्याच गुणामुळें झाली.

त्या काळच्या मुंबई केंद्रावर चित्रपटगीतांचा 'छायागीत' होता, वाङ्मयचर्चेचा 'प्रतिभा आणि प्रतिमा' होता, 'गजरा' होता, गुजराती प्रेक्षकांसाठीं 'आवो मारी साथे' होता. आणि याच पंक्तींत 'आमची माती, आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम होता. मुंबईच्या चाळींत व पुण्याच्या पेठांत बसलेल्या प्रेक्षकास भाताच्या रोपांवरील कीड आणि खतांचें प्रमाण ऐकून काय करावयाचें? गीतें लागेपर्यंत हें सोसावयाचें, अशीच पुष्कळांची भावना असे. शहरी प्रेक्षकाच्या दृष्टीनें हा कार्यक्रम वाट चुकलेला होता.

पण कालक्रम पाहिला म्हणजे चित्र उलटें होतें. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दूरचित्रवाणीचा जो प्रयोग झाला, तो मुळीं लोकशिक्षणासाठींच होता. २६ जानेवारी १९६७ रोजीं दिल्लीभोंवतालच्या ८० खेड्यांत सामुदायिक संच बसवून 'कृषिदर्शन' सुरू झालें. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षांत उपग्रहाच्या साह्यानें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत शिक्षण, शेती व आरोग्य यांचे कार्यक्रम पोंचविले गेले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. जाहिराती दूरदर्शनवर आल्या त्या १९७६ सालीं. 'हम लोग' ही कौटुंबिक मालिका आली ती १९८४ सालीं. म्हणजे ज्यास शहरी प्रेक्षक आगंतुक समजत होता, तो घरचा थोरला होता, आणि ज्यांस तो घरचे समजत होता, त्यांतले बहुतेक मागाहून आलेले होते. दुर्घट पाठ जुना ठरतो, तो असा.

येथें आणखी एक भेद लक्षांत ठेविला पाहिजे. पोथी एका ग्रंथाची असते. बाडांत आरती, औषध, लावणी आणि देण्याघेण्याची टिपणें एकत्र नांदतात, आणि कोणी कोणास परकें म्हणत नाहीं. एकच वाहिनी होती तोंपर्यंत दूरदर्शन हें बाड होतें. पुढें वाहिन्या वाढल्या, प्रत्येकीनें एकेक विषय वांटून घेतला, आणि बाडाच्या पोथ्या झाल्या. तेव्हांपासून विजातीयता ठळक दिसूं लागली. २६ मे २०१५ रोजीं शेतकऱ्यांसाठीं 'डीडी किसान' ही स्वतंत्र वाहिनी निघाली, हा याच विभागणीचा पुढचा टप्पा. विभागणीनें सोय झाली. पण ज्यास शेती नाहीं त्याच्या कानांवर शेतीचा शब्द सहजगत्या पडण्याची वाट बंद होत गेली. विंझरसारख्या भातशेतीच्या गांवांतून पाहिलें तर त्या जुन्या बाडांत परकें काय होतें? शहरी वाङ्मयचर्चा त्या शेतकऱ्यास कदाचित् परकी वाटली असेल. मातीचा कार्यक्रम खास नव्हे. विजातीयता ही पुष्कळदां पाहणाराच्या जागेवर अवलंबून असते.

६. तिसरा प्रकार आश्रिताचा. राजगड-तोरण्याच्या परिसरांतील मुलास इतिहास म्हटला म्हणजे जो इतिहास आठवतो, तो त्या परदेशी वाहिनीवर नव्हता. तो सायंकाळीं घरगुती मालिका दाखविणाऱ्या मराठी वाहिन्यांवर होता. २४ नोव्हेंबर २००८ रोजीं 'स्टार प्रवाह' ही वाहिनी सुरू झाली, तिच्याबरोबरच नितीन चंद्रकांत देसाई यांची निर्मिति असलेली 'राजा शिवछत्रपती' ही मालिका सुरू झाली. 'झी मराठी'वर २०१७ ते २०२० या काळांत 'स्वराज्यरक्षक संभाजी' चालली. दोहोंत प्रमुख भूमिका डॉ. अमोल कोल्हे यांची होती.

आश्रितास यजमानाचे नियम पाळावे लागतात. घरगुती मालिकेचा भाग रोजचा, सुमारें अर्ध्या तासाचा, मध्यें जाहिराती, आणि शेवटीं दुसऱ्या दिवसाची उत्कंठा. ज्या प्रसंगास बखरींत दोन ओळी आहेत, त्यास तेथें कित्येक दिवस द्यावे लागतात. आणि कागदपत्रांत जेथें अंतःपुराविषयीं जवळजवळ मौन आहे, तेथें संवाद भरावे लागतात. म्हणून या मालिकांत जें खटकतें तें सर्व लेखकाच्या अज्ञानापोटीं आलें असें मानणें अन्यायाचें होईल. पुष्कळसें तें यजमानाच्या घरची रीत म्हणून आलें आहे. तसेंच, हा विषय तेथें नसता तर हजारों घरांत तो पोंचलाच नसता, हेंही मान्य केलें पाहिजे. कीर्तनकारानें आख्यानांत इतिहास सांगितला तेव्हां आपण त्यास दप्तराचा निकष लावला नाहीं. तथापि त्याचें आख्यान पुरावा म्हणूनही घेतलें नाहीं. तोच न्याय येथें लावावा.

७. तर मग विजातीय कार्यक्रम दिसतांच त्याचा प्रकार कसा ओळखावा? आमच्या मतें चार गोष्टी पाहाव्या. पहिली, काल: कार्यक्रम आधींचा कीं वाहिनीचें सांप्रतचें रूप आधींचें? दुसरी, वेळ: ज्यास रात्रीं आठनवाची जागा मिळाली तो यजमानाचा लाडका, ज्यास भल्या पहांटे किंवा दुपारीं बसविलें तो बहुधा अवशेष, किंवा केवळ कर्तव्य म्हणून ठेविलेला. तिसरी, आश्रयदाता: खर्च सरकारचा, जाहिरातदाराचा कीं आणखी कोणाचा? चौथी, आरंभींची व शेवटची नामावळी. ही त्या कार्यक्रमाची पुष्पिका होय. कर्ता, साह्यकर्ते, आधारग्रंथ व साल हीं तेथेंच सांपडतात, आणि तीच आपण वाचीत नाहीं. या चार गोष्टी न पाहतां केवळ वाहिनीच्या नांवाखालीं नोंद करणें म्हणजे रुमालाच्या वेष्टनावरून आंतील पानांची सूची करणें होय.

आमच्या वाचकांस हें सांगण्याचें कारण असें कीं, अशा सामग्रीचा नाश फार वेगानें होतो. दूरदर्शनच्या आरंभकाळीं चित्रफिती महाग असल्यामुळें जुन्या फिती पुसून त्यांवरच नवें मुद्रण केलें जाई. ब्रिटनच्या बीबीसीनेंही १९७० च्या दशकापर्यंत आपल्या फिती अशाच पुसल्या. चर्मपत्रावरील जुना लेख खरडून त्यावर नवा लिहिण्याचा युरोपांतील प्रघात आपणांस ठाऊक आहे. फरक इतकाच कीं, तेथें खरडलेलें अक्षर कधीं कधीं पुन्हा वाचतां येतें, येथें तें गेलें तें गेलेंच. आणि वाचवावयाचें काय, असा प्रश्न आला म्हणजे प्रसिद्ध नटाची मुलाखत ठेवावीशी वाटते. कीड आणि खतें सांगणारा अर्धा तास ठेवावासा वाटत नाहीं. अवशेष प्रथम नष्ट होतो, तो त्याच्या अंगच्या क्षुद्रतेमुळें नव्हे, तर तो येथला नव्हे असें वाटल्यामुळें.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे. दैनिकांत छापून आलेलीं कार्यक्रमांचीं वेळापत्रकें, प्रेक्षकांचीं पत्रें, कार्यक्रमाबरोबर वांटलेल्या पुस्तिका, संहितांच्या हस्तलिखित वा टंकलिखित प्रति आणि घरगुती मुद्रणाच्या फिती, हें सर्व पोथीइतक्याच आदरानें जपावें, व त्यांवर दिनांक, वेळ आणि वाहिनी लिहून ठेवावी. सुखठणकरांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं जो मजकूर प्रक्षिप्त ठरविला, तोही फेंकून दिला नाहीं. तारकाचिन्हें देऊन तळटीपेंत अथवा परिशिष्टांत छापला. महाभारताविषयीं जी उदारता दाखवितां आली, ती आपल्या काळाच्या सामग्रीविषयीं दाखविण्यास प्रत्यवाय नसावा.

८. शेवटीं विंझरच्या त्या पानाकडे वळूं. हा विचार मनांत आल्यावर आम्ही पुन्हा तेथें गेलों व बाजूस ठेविलेलें पान मागून घेतलें. पाठ उलटून पाहतां तीवर त्याच 'शिवलीलामृता'च्या एका अध्यायाचा आरंभ, पोथीच्याच हस्ताक्षरांत, लिहून खोडलेला आढळला. नकलतांना पान बिघडलें, तेव्हां लेखकानें किंवा त्याच्या घरच्या कोणीं तें फुकट न घालवितां कोऱ्या बाजूवर भाताचा हिशेब मांडला, आणि त्या हिशेबास शक घातला. पोथीस शेवटचें पान नाहीं, म्हणून पुष्पिकाही नाहीं. ती केव्हां लिहिली गेली हें सांगणारें त्या रुमालांत दुसरें कांहीं नाहीं. हिशेबाच्या सालीं ती लिहिली जात होती किंवा त्याआधींच लिहिली गेली होती, इतकें तें परकें पान निश्चयानें सांगतें. पहिल्या भेटींत तें टाकून द्यावें असा सल्ला आम्हींच दिला असता, हें येथें नमूद करणें आम्हांस अवश्य वाटतें.

तो मुलगा घरींच होता. त्यास आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, त्या मालमोटारींच्या कार्यक्रमांत इतिहास नाहीं हें तुझें म्हणणें बरोबर आहे. परंतु इतिहासाच्या वाहिनीवर मालमोटारी कां आल्या, कोणीं आणल्या आणि केव्हां, हा मात्र इतिहासच आहे. त्यानें पान मागून घेतलें, उजेडाकडे धरून दोन्ही बाजू पाहिल्या, आणि तें पोथींत होतें त्याच जागीं परत ठेविलें.